उपलब्ध असल्यास

'उपलब्ध असल्यास' हे दोन शब्द मला सध्या कुठल्याही शिवीपेक्षा जास्त झोंबतात. का, ते सांगतो.

मागच्या फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाला ३० वर्षं झाली. म्हटलं, यांना जरा झकासपैकी गोव्याला नेऊ. दोघांची हॉटेलची व्याख्या गणपतीपुळ्याच्या एमटीडीसीपाशी संपते. आणि माझ्याकडे होतं 'कार्ड'. आदल्या वर्षी क्लायंटच्या कृपेने मी एकाच हॉटेल साखळीत ६२ रात्री काढल्या होत्या. त्याचं बक्षीस म्हणजे हे कार्ड: नाश्ता फुकट, चेक-आउट उशिरा, आणि साध्या खोलीच्या पैशात सूट. उपलब्ध असल्यास.

मी घरी म्हटलं, "बहुतेक सूट मिळेल." बाबांनी विचारलं, "किती टक्के?" :-) (इंग्रजीत त्याचा उच्चार 'स्वीट' आहे हे मला माहीत आहे. पण तसं म्हटलं असतं तर आईने डबा घेतला असता.) मग समजावलं की बाहेर बसायची वेगळी खोली असते, तिथे सोफ्यावर मी झोपेन, आतली खोली तुमची. आईने त्यातला 'बहुतेक' तेवढा गाळला आणि बाकीची बातमी मावशी, आत्या आणि शेजारच्या काकूंना पोचवली.

दुपारी ३ वाजता हॉटेलात पोचलो. काउंटरवरचा मुलगा कीबोर्डवर खूप वेळ टकटक करून म्हणाला, "सॉरी सर, आज एकही सूट उपलब्ध नाही." ठीक आहे, नसेल. लॉबीत बसून सहज त्याच हॉटेलचं ॲप उघडलं. तेच दोन दिवस टाकले. सूट हजर! पैसे भरा आणि लगेच घ्या.

परत गेलो, फोन दाखवला. त्याने अत्यंत नम्रपणे जे वाक्य टाकलं ते मी फ्रेम करून लावणार आहे: "सर, ते विकण्यासाठी उपलब्ध आहेत, अपग्रेडसाठी नाहीत."

म्हणजे खोली रिकामी आहे आणि नाहीपण. श्रोडिंगरची मांजर बरी, डबा उघडल्यावर निदान कळतं तरी!

मी वाद घालणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "अरे जाऊ दे, आहे ती खोली चांगलीच असेल." त्या 'जाऊ दे'ने मला जास्त लागलं. शेवटी जादा पलंगाचे पैसे भरून तिघं एका खोलीत झोपलो. बाबा घोरत होते आणि मी छताकडे बघत हिशेब करत होतो. त्या ६२ रात्रींतली एक आईच्या वाढदिवसाची होती.

असो. रडगाणं संपलं, आता मुद्द्याचं.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याने 'उपलब्ध असल्यास देतो' असं वचन दिलं, त्याने किती उपलब्ध आहे ते दाखवलंही पाहिजे. ते दाखवत नसाल तर वचन देऊ नका.

आधी हॉटेलवाल्यांची बाजू. रिकामी दिसणारी प्रत्येक सूट खरंच मोकळी नसते. समजा, हॉटेलात साध्या खोल्या आहेत १००. काही लोक आयत्या वेळी रद्द करतात म्हणून हॉटेल १०५ विकतं. सगळेच आले तर वरच्या पाच जणांना डीलक्समध्ये ढकलायचं, डीलक्सवाल्यांना सूटमध्ये. म्हणजे संध्याकाळपर्यंत रिकामी ठेवलेली सूट ही त्यांची एस.टी.तली राखीव सीट असते. काही सूट तर जोडून बनतात: बैठकीची खोली आणि शेजारची साधी खोली, मधलं दार उघडलं की सूट. शेजारची खोली वेगळी विकली गेली की ती सूट त्या रात्रीपुरती नाहीशी. शिवाय दुरुस्तीला काढलेल्या खोल्या, न झालेली साफसफाई, आणि तुम्ही दोन रात्री राहणार पण सूट एकच रात्र मोकळी, हे सगळं आलंच.

कबूल. पण यातली एक तरी गोष्ट त्या काउंटरवरच्या मुलाच्या स्क्रीनवर नव्हती का? मी स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. खोल्यांच्या प्रकारानुसार आज किती, उद्या किती, किती विकल्या, किती बंद, हे दाखवणं हे हॉटेलच्या सिस्टिमचं पहिलं काम आहे. ॲपला विकण्यासाठी तो आकडा मिळतोच. तेव्हा 'सिस्टिम दाखवत नाही' हे आम्हाला तरी सांगू नका. ते न दाखवणं हा कोणीतरी मीटिंगमध्ये बसून घेतलेला निर्णय आहे.

आता आपली रेल्वे बघा. जिला आपण येता-जाता शिव्या घालतो, ती रेल्वे. ती मला वेटिंग लिस्टमधला नंबर सांगते. तो नंबर २३ वरून ११ वर आला तर तेही सांगते. अपग्रेडसुद्धा देते! २००६ पासून योजना आहे: तिकीट काढताना खूण करायची, वरच्या वर्गात जागा उरली तर चार्ट बनताना जादा पैसे न घेता वर टाकतात. ते काम संगणक करतो, कोणाला हसून बोलावं लागत नाही. आणि २०१९ पासून चार्ट लागल्यावर कुठल्या डब्यात कुठला बर्थ रिकामा आहे, ते घरबसल्या दिसतं. रोज लाखो लोकांची ने-आण करणाऱ्या सरकारी खात्याला जे जमतं, ते दोन-तीनशे खोल्यांच्या पंचतारांकित हॉटेलला जमत नाही?

हॉटेल साखळ्यांचे नियम वाचलेत तर गंमत येते. मॅरियटमध्ये प्लॅटिनम व्हायला वर्षाला ५० रात्री लागतात. अपग्रेडमध्ये सूट धरलेली आहे, पण उपलब्ध असल्यास, आणि कुठल्या खोल्या त्यात मोडतात ते प्रत्येक हॉटेलने ठरवायचं. पेपर त्यांचा, तपासणारेही तेच. त्यांच्याकडे आधी अर्ज करायचं एक कूपनही आहे. त्याला पूर्वी 'सूट नाइट अवॉर्ड' म्हणत, आता 'नाइटली अपग्रेड अवॉर्ड' म्हणतात. नावातूनच सूट गेली, निदान एवढा प्रामाणिकपणा आहे. उलट हयातचं सूट अपग्रेड अवॉर्ड बघा: स्टॅंडर्ड सूट मोकळी असेल तर बुकिंगच्या वेळीच पक्की होते, एका मुक्कामात सात रात्रींपर्यंत. 'स्टॅंडर्ड' कशाला म्हणायचं ते तिथेही हॉटेलच ठरवतं, पण घरून निघण्याआधी आईला काय सांगायचं ते तरी कळतं. म्हणजे हे करता येतं. फक्त करायचं मनात हवं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आकडे दाखवले तर सगळे स्वस्त खोली घेऊन अपग्रेडची वाट बघत बसतील, महाग खोली घेणार कोण?" अहो, मग मोजून द्या! अमुक तारखेला अपग्रेडसाठी तीन सूट, संपल्या की संपल्या. युनायटेडसारख्या विमान कंपन्या अपग्रेडच्या जागांना वेगळी अक्षरं देतात आणि किती शिल्लक आहेत ते बघताही येतं. त्यांच्या महाग जागा विकल्या जायच्या थांबल्या नाहीत. शून्य दाखवलंत तरी चालेल. शून्य हे उत्तर आहे, 'बघतो सर' हे नाही.

दुसरं उत्तर आपल्याच मित्रांचं: "लेका, लोकांना राहायला घर नाही आणि तू सूटसाठी रडतोस?" मान्य, सूट न मिळाल्याने कोणी मरत नाही. पण त्या वचनाच्या भरवशावर मी ६२ रात्री एकाच साखळीला दिल्या, समोरचं स्वस्त हॉटेल सोडून. व्यवहार झाला. माझी बाजू रात्रीगणिक मोजली गेली. ४९ रात्री झाल्या असत्या तर 'साधारण ५०' म्हणून कोणी कार्ड दिलं नसतं. त्यांची बाजू मात्र काउंटरवरच्या मुलाच्या मूडवर. याला मी फसवणूक म्हणत नाही, पण जवळचा दुसरा शब्द सापडत नाहीये.

आणि मोजमाप नसलं की तिथे काय उगवतं? वशिला. लास व्हेगासमध्ये ओळखपत्र आणि क्रेडिट कार्डाच्या मध्ये २० डॉलरची नोट सरकवायची पद्धत प्रसिद्धच आहे. आपल्याकडे 'आज ॲनिव्हर्सरी आहे हो' असा केविलवाणा चेहरा, नाहीतर 'जीएमना ओळखतो'. कमावलेली गोष्ट भीक मागून घ्यायची सवय आपल्याला रेशन दुकानापासून आहे. ती पंचतारांकित लॉबीत तरी सोडूया.

तोवर काय करायचं? निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या पूर्ण तारखांसाठी ॲपवर सूट शोधा. सगळ्या रात्री मिळून दिसली तर ती अस्तित्वात आहे. मग दोन, तीन खोल्या मागून बघा, कितीपर्यंत 'हो' म्हणतं त्यावरून अंदाज येतो. साध्या खोल्याही भरपूर दिसत असतील तर वर ढकलाढकलीची भीती कमी. मग कॉल सेंटर सोडून थेट हॉटेलला फोन करा आणि 'अपग्रेड मिळेल का' असं विचारूच नका. विचारा, "एकूण सूट किती? आज रात्रीसाठी किती विकल्यात? माझ्या आधी किती कार्डवाले?" आकडा मागा. उत्तर देणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. काउंटरवरच्या मुलावर मात्र ओरडू नका, तो निर्णय त्याचा नाही. आणि आकडा मिळाला नाही तर पुढच्या वर्षीच्या रात्री दुसरीकडे द्या, हे त्यांना लेखी कळवा. मी कळवलं. उत्तरात आलं की माझा अभिप्राय मोलाचा आहे. :-)

ता.क. आई अजून मावशीला सांगते की सूट छान होती. मी दुरुस्ती केलेली नाही.