इंटरनेट गेले, विकत घेतलेला खेळही गेला!

- आमच्या प्रतिनिधीकडून

लोणावळा - जुलैमध्ये घाटमाथ्यावर पाऊस लागला, की लोणावळा परिसरात वीज आणि मोबाईलच्या नेटवर्कचा लपंडाव सुरू होतो. पवन मावळ, नाणे मावळ आणि अंदर मावळातील आतल्या गावांत तर त्यासाठी पावसाचीही गरज लागत नाही. अशाच एका पावसाळी रात्री प्रस्तुत प्रतिनिधीने घरचा संगणक सुरू केला. वीज इन्व्हर्टरवर होती. खेळ रीतसर पैसे मोजून घेतलेला, संगणकात संपूर्ण उतरवून ठेवलेला आणि एकट्यानेच खेळायचा होता. तरीही पडद्यावर एकच ओळ उमटली : सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. खेळ काही सुरू झाला नाही.

ही गैरसोय तशी क्षुल्लक. दुसऱ्या दिवशी नेटवर्क आले आणि खेळही सुरू झाला. परंतु त्या रात्री पडलेला प्रश्न क्षुल्लक नाही. आपल्या घरातील वस्तू वापरण्यासाठी दूरदेशीच्या एका यंत्राची परवानगी लागत असेल आणि ते यंत्र उद्या कायमचे बंद झाले, तर आपण नेमके विकत काय घेतले? आणि पन्नास वर्षांनी कोणाला आजच्या काळातील खेळ पाहावयाचे असतील, तर त्याला दाखवायला काय उरेल? जगभर सध्या याच दोन प्रश्नांवर वाद सुरू आहे.

विक्री की भाडेपट्टा?

आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीला हे सारे विचित्र वाटणे साहजिक आहे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची काडतुसे फुंकर मारून चालवणारी आणि सायबर कॅफेत तासाच्या दराने 'रोड रॅश' खेळणारी ही पिढी. तेव्हाचा खेळ सीडीवर मावत असे. ती सीडी ज्याच्या हाती, खेळ त्याचा. कंपनी बुडाली तरी सीडी चालत राही आणि जुन्या संगणकावर ती आजही चालते.

हे चित्र गेल्या वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने पालटले. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'हाफ-लाइफ २' या खेळाने दुकानातून डबा आणणाऱ्या ग्राहकालाही इंटरनेटवरील 'स्टीम' या सेवेत खाते उघडणे भाग पाडले. २०१० मध्ये 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीने आणखी पुढची पायरी गाठली. एकट्याने खेळायच्या 'असॅसिन्स क्रीड २'साठीही संगणकावर इंटरनेट सतत जोडलेले असण्याची अट तिने घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि प्रामाणिकपणे पैसे भरलेल्या ग्राहकांनाच खेळता येईना. चोरून उतरवलेली प्रत वापरणाऱ्याला मात्र पुढे ही अडचण उरली नाही.

मे २०१२ मध्ये 'डायब्लो ३' आणि मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' या खेळांच्या पहिल्याच दिवसांत हाच गोंधळ झाला. इंटरनेटविना 'सिमसिटी' चालणे शक्य नाही, असे आधी सांगितले जात होते. प्रत्यक्षात वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, त्याच खेळाला इंटरनेटविना चालण्याची सोय देण्यात आली. 'एक्सबॉक्स वन' या खेळयंत्राने दर चोवीस तासांनी कंपनीकडे हजेरी लावावी, हा मायक्रोसॉफ्टचा मनसुबा तर ग्राहकांच्या संतापामुळे जून २०१३ मध्ये, यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, मागे घ्यावा लागला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ही अट प्रत्येक वेळी तांत्रिक अपरिहार्यता नसते. पुष्कळदा तो व्यापारी निर्णय असतो.

'द क्रू'चे प्रकरण

या वादाला तोंड फोडले ते 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाने. युबिसॉफ्टने तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. त्यात एकट्याने खेळण्यासारखे कथानक होते. पण इंटरनेटविना तो उघडतच नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. चकत्या लोकांच्या कपाटात राहिल्या. खेळ मात्र संपला. पाठोपाठ खेळाडूंच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला.

त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबकाराने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी मर्यादित होती. कंपन्यांनी सर्व्हर अनंतकाळ चालवावेत, असे कोणी म्हणत नव्हते. सेवा बंद करताना विकलेला खेळ चालू शकेल अशा अवस्थेत ग्राहकाच्या हाती सोडावा, इतकेच म्हणणे होते. युरोपीय संघातील नागरिकांच्या अधिकृत निवेदनाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा आवश्यक टप्पा ओलांडला. ब्रिटनमध्ये याचिकेवर एक लाखाहून अधिक सह्या झाल्याने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी संसदेत चर्चाही झाली. मात्र ग्राहक कायदा बदलण्याचा विचार नसल्याचे तेथील सरकारने सांगितले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून निराळी वाट धरली. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितल्याविना 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असा तो कायदा आहे. यामुळे खेळ वाचत नाही. पण ग्राहकाची दिशाभूल निदान कमी होते.

आपल्याकडचा अनुभव

भारतीय खेळाडूंना या दुखण्याची ओळख वेगळ्या मार्गाने झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात 'पबजी मोबाईल' होते. ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातील सेवा थांबविली. जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हा त्याचा भारतीय अवतार आला. जुन्या खात्यातील सामग्री नव्या खेळात हलविण्याची सोय होती. पण मर्यादित मुदतीसाठी. जुलै २०२२ मध्ये हा अवतारही ॲपच्या दुकानांतून हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित होती आणि त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मुद्दा एवढाच, की लोणावळ्यापासून लातूरपर्यंतच्या लाखो मुलांनी पॉकेटमनीतून घेतलेल्या पोशाखांचे आणि बंदुकांचे अस्तित्व त्यांच्या फोनमध्ये कधी नव्हतेच. ते सर्व्हरवर होते.

खेळ घडविणारे हातही आता आपल्या जवळचेच आहेत. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आला. भारतीय पुराणकथांवर बेतलेला आणि एकट्याने खेळायचा हा खेळ. तो एकदा यंत्रात उतरला, की कोणाच्या सर्व्हरवाचून चालतो. पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा अनेकांनी एकत्र लढण्याचा खेळ आणला. तो इंटरनेटविना असू शकत नाही. दोन्ही कष्टाने घडविलेल्या कलाकृती आहेत. पहिला आपल्या नातवंडांना दाखविता येण्याची शक्यता बरी आहे. दुसऱ्याबद्दल असे म्हणता येत नाही. हा दोष 'इंडस'च्या कर्त्यांचा नव्हे, तर त्या प्रकारच्या खेळाचा स्वभाव आहे. म्हणूनच जतनाचा विचार खेळ घडत असतानाच व्हायला हवा.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचे म्हणणे सरसकट उडवून लावण्याजोगे नाही. सर्व्हर चालविण्याला भाडे, वीज आणि मनुष्यबळ लागते. खेळणारे शेकड्यांवर आले, की तो खर्च परवडत नाही. सर्व्हरच्या प्रणालीत इतर कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात. ते जसेच्या तसे लोकांना देता येत नाहीत. शर्यतीच्या खेळातील मोटारींची आणि संगीताची अनुमतीही मुदतीची असते. खासगी सर्व्हरवर कोणी गैरप्रकार केले, तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही ते विचारतात.

तथापि, इच्छा असल्यास मार्ग निघतो, याचीही उदाहरणे आहेत. 'नॉकआउट सिटी' हा खेळ जून २०२३ मध्ये बंद करताना त्याच्या निर्मात्यांनी खासगी सर्व्हरवर चालणारी आवृत्ती मोफत दिली. सोनीच्या 'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'ची ऑनलाइन सेवा जानेवारी २०२४ अखेर थांबली. पण त्याआधी दिलेल्या सुधारणेमुळे एकट्याने खेळायचा भाग चालू राहिला. खुद्द युबिसॉफ्टनेही टीकेनंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, 'द क्रू'च्या पुढील दोन खेळांना इंटरनेटविना चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले. आरंभीच तरतूद केली तर खर्च थोडा येतो, शेवटच्या दिवशी करू गेल्यास तो डोईजड होतो, हे यातील सार.

पुण्याने हे पूर्वी पाहिले आहे

कला म्हणून ज्याची किंमत उशिरा कळते, ते आधी नष्ट होते, याचा पुरावा शोधायला पुणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर भारतीय सिनेमाने पन्नाशी ओलांडली होती. मूकपटांच्या काळात देशात सुमारे तेराशे चित्रपट तयार झाले. त्यांतील अवघे काही डझन, तेही पुष्कळसे तुकड्यांच्या रूपात, उरले आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने हयात घालवून जे मिळेल ते गोळा केले, म्हणून आज काही पाहता येते. त्यातही जानेवारी २००३ मधील आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला.

चित्रपटाच्या बाबतीत निदान रीळ नावाची वस्तू होती. ती कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोदामात सापडण्याची आशा होती. सर्व्हरवरच्या खेळाला माळा नसतो. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने जुलै २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत. हे मुख्यतः काडतुसे आणि चकत्यांच्या काळातील खेळ. संग्राहकांकडे त्यांच्या प्रती आहेत. त्यानंतरच्या खेळांची अर्धी बाजू ग्राहकाकडे कधी आलेलीच नाही.

कायद्यातील पोकळी

आपल्या कायद्याने या प्रश्नाचा विचार अद्याप केलेला नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. खेळाच्या बाबतीत असे बंधन नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणकीय प्रणालीची राखीव प्रत करू देते; पण अर्धा खेळ सर्व्हरवर असेल तर राखीव प्रत कशाची करणार? २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल साठवण करण्याची मुभा मिळाली. तिला अट अशी, की त्या कृतीची बिगरडिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीच असावी. जो खेळ जन्मतःच डिजिटल, तो या मुभेच्या बाहेर राहतो. त्याच दुरुस्तीतील कलम ६५ अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जतनासाठी कुलूप उघडणाऱ्याचा हेतू तसा नसला, तरी ते सिद्ध करण्याची दगदग कोण पत्करणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी स्वतंत्र कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. विकलेला खेळ बंद पडला तर ग्राहकाने काय करावे, हा त्याचा विषय नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र एक दार किलकिले आहे. वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपुष्टात आणण्याचा अधिकार एका पक्षाला देणारा करार तेथे 'अनुचित करार' ठरू शकतो आणि त्याची दाद राज्य आयोगाकडे मागता येते. या दाराने खेळाडूंनी आत जाऊन पाहण्यास हरकत नसावी.

यापलीकडे दोन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. पहिली, सेवा किती वर्षे चालेल आणि नंतर खेळाचे काय होईल, हे विक्रीच्या वेळीच ठळकपणे सांगण्याची सक्ती. दुसरी, भारतात घडलेल्या खेळांची सर्व्हरसह एक प्रत विश्वासू संस्थेकडे ठेव म्हणून जमा करण्याची सोय. कंपनी व्यापार करीत आहे तोवर ती ठेव कुलपात राहील. चित्रपट जतनाचा साठ वर्षांचा अनुभव असलेल्या पुण्याइतके त्यासाठी योग्य शहर दुसरे कोणते?

मावळातील लोहगडाचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या आहेत. महाराष्ट्रातील किल्ल्यांवर, लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर नवकंकरीसारख्या खेळांचे पट दगडात कोरलेले आढळतात. ज्यांनी ते कोरले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण खाली बसून चार खडे मांडले, की तो खेळ आजही सुरू होतो. आपल्या काळातील खेळांबाबत पुढच्या पिढीला एवढे तरी करता यावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

चौकट

खेळ विकत घेण्यापूर्वी हे पाहा

- एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागते का, हे माहितीपत्रकात वाचावे.
- डबा घेतला तरी त्यातील चकतीवर पूर्ण खेळ आहे की केवळ उतरवून घेण्याची किल्ली, याची विक्रेत्याकडे चौकशी करावी.
- इंटरनेट बंद करून खेळ सुरू होतो का, हे परतीची मुदत असतानाच तपासावे.
- सेवा बंद होणार असल्याची घोषणा झाल्यास खेळातील पोशाख, नाणी यांवर नवा खर्च टाळावा आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.