टेबलाच्या दोन्ही बाजूंना



‘फाइल वर गेली आहे, पुढच्या आठवड्यात या.’ वारसनोंदीसाठी किंवा अडकलेल्या पेन्शनसाठी खेटे घालणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. यंदाच्या अंकाचा विषय आम्हाला याच वाक्याने दिला: सरकारी कारभार सुधारणं इतकं अवघड का?

उपाय ठाऊक नाहीत, असं नाही. पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्येच लोकपालाची शिफारस केली. कायदा व्हायला २०१३ उजाडलं आणि पहिले लोकपाल नेमले गेले २०१९ मध्ये. ज्यांच्या अधिकारांना कात्री लागणार, त्यांच्याच टेबलांवरून सुधारणेची फाइल जाते. मग ती वेगाने कशी सरकेल?

सगळा दोष कर्मचाऱ्यावर ढकलणंही अन्यायाचं आहे. शेजारची खुर्ची रिकामी, त्या कामाचाही भार याच्यावर. नियमावर बोट ठेवलं तर बदली, तोंडी आदेश पाळला तर उद्या चौकशी. अशा ठिकाणी सही टाळणं हाच शहाणपणा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सनदी अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ द्यावा आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद ठेवावी, असे निर्देश दिले, ते ही भीती ओळखूनच.

चांगला अधिकारी काय करू शकतो, हे अहमदनगरने ऐंशीच्या दशकात पाहिलं. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची घडीच बदलली आणि ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. पण एका माणसाच्या उमेदीवर उभी राहिलेली सुधारणा त्याच्या बदलीबरोबर पोरकी होते. २००५ चा माहिती अधिकार कायदा मात्र गावोगाव रुजला, कारण त्याची दोरी अर्जदाराच्या हाती आहे. आपल्या राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानेही कामाला मुदत, मुदत चुकली तर अपील आणि कसूर करणाऱ्याला दंड अशी तरतूद केली. या दोऱ्या आपण ओढल्या नाहीत, तर त्याही कुजतील.

म्हणून वाचकहो, अर्ज दिलात की पोच घ्या, मुदत विचारा, ती टळली तर अपील करा. आणि टेबलापलीकडे कुणी वेळेवर, विनासायास काम करून दिलं, तर त्याच्या वरिष्ठांना दोन ओळी जरूर लिहा. प्रामाणिक माणसालाही पाठबळ लागतं.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक