खलनायकाची जखम आणि खेळाडूचा चाप

युद्धावरून परतलेल्या सैनिकाला व्हिडिओ गेमचा खलनायक करावे, विश्वासघाताविषयी आणि गमावलेल्या सोबत्यांविषयी एखादे स्वगत त्याच्या तोंडी घालावे, की त्या गेमने युद्धाची शोकात्मता जाणली असा निर्वाळा देण्याची रीत या माध्यमाच्या समीक्षेत रूढ झाली आहे. हा निर्वाळा उदार असला तरी पुरेसा तपासलेला नाही. खलनायकाला जखम असणे आणि त्या जखमेचा अर्थ संहितेला उमगलेला असणे या भिन्न गोष्टी होत. पहिली गोष्ट कथानकाची सोय म्हणूनही साधता येते. दुसरीसाठी ती जखम कोणी केली, हा प्रश्न विचारावा लागतो. बहुसंख्य युद्धगेम नेमका हाच प्रश्न टाळतात.

जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ या ग्रंथात होमरचा अकिलीस आणि व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिक यांना शेजारी बसवले. सैनिकाचे शील मोडते ते केवळ भयाने नव्हे. ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच, प्राण पणाला लागलेले असताना, न्याय्य गोष्टीशी द्रोह केला म्हणजे ते मोडते, हे त्याचे प्रतिपादन. अकिलीसच्या क्रोधाचे मूळ शत्रूत नसून अगामेम्नॉनच्या वर्तनात आहे. हे मान्य केल्यास सैनिक-खलनायकाच्या चित्रणाची कसोटी आपोआप ठरते : आज्ञा देणारा त्या संहितेत कोठे उभा आहे?

‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतील जनरल शेपर्ड या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. २००७ सालच्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये मध्यपूर्वेतील एका अनाम देशात अणुस्फोट होतो, आणि त्या स्फोटानंतर सरपटत मरणारा सैनिक खेळाडूच्याच ताब्यात असतो. २००९ सालच्या पुढील भागात शेपर्ड सांगतो, की त्या दिवशी क्षणार्धात आपली ३०,००० माणसे गेली आणि जग नुसते पाहत राहिले. म्हणजे ज्या मृत्यूचा अनुभव खेळाडूने स्वतः घेतला, त्याचाच शोक हा मनुष्य वाहतो आहे. येथे एका गंभीर कलाकृतीची शक्यता होती. परंतु संहिता त्या शोकाचे रूपांतर युद्धपिपासेत करते. शेपर्ड कारस्थानी ठरतो, स्वतःच्याच माणसांना ठार करतो, आणि अखेरीस खेळाडू त्याच्या डोळ्यात सुरी फेकून हिशेब मिटवतो. त्या ३०,००० जणांना तेथे कोणी आणि कशासाठी पाठवले, हा प्रश्न सुरीबरोबरच संपतो. राज्यसंस्था निर्दोष सुटते आणि दोष शोक करणाऱ्याच्या माथी येतो.

यावर असे म्हटले जाते, की निदान खलनायकाची बाजू तरी ऐकवली गेली. हा युक्तिवाद कादंबरीच्या संदर्भात काही अंशी टिकला असता. गेममध्ये तो टिकत नाही. एस्पेन आर्सेथने १९९७ साली ‘सायबरटेक्स्ट’मध्ये दाखवून दिले, की अशा संहितांमध्ये वाचकाची कृती हाच संहितेच्या घडणीचा भाग असतो. साहजिकच गेमचा आशय पात्रे काय बोलतात यावरून जितका ठरतो, त्याहून अधिक तो खेळाडूला काय करावे लागते यावरून ठरतो. स्वगत सहानुभूती मागत असेल आणि रचना केवळ नेमबाजी मागत असेल, तर रचनेचेच म्हणणे खरे मानावे लागते. ‘मेटल गिअर सॉलिड ४’ (२००८) मध्ये युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या चार स्त्रिया शत्रू म्हणून समोर येतात. त्यांची करुण हकिकत खेळाडूला कळते ती त्यांचा पराभव झाल्यावर, तिसऱ्याच पात्राकडून, रेडिओवर. दुःख येथे परिशिष्टात गेले आहे.

हा दोष माध्यमाचा नव्हे, हे त्याच मालिकेचा आधीचा भाग सिद्ध करतो. हिदेओ कोजिमाच्या ‘मेटल गिअर सॉलिड ३’ (२००४) चे कथानक १९६४ साली घडते. नॉर्मंडीच्या रणभूमीवर प्रसूत झालेली ‘द बॉस’ ही दुसऱ्या महायुद्धातील वीरांगना सोव्हिएत पक्षाला फितूर झालेली दिसते. ती फितुरी तिच्याच शासनाने सोपवलेली कामगिरी होती आणि देशद्रोही म्हणून शिष्याच्या हातून मरणे हाही त्या कामगिरीचा भाग होता, हे खेळाडूला उशिरा समजते. पण तिला मारण्याचा क्षण दृश्यफितीवर सोपवलेला नाही. फुलांच्या माळावर गेम थांबतो आणि खेळाडू स्वतः चाप ओढेपर्यंत गोळी सुटत नाही. आज्ञा कोणाची आणि बोट कोणाचे, हे दोन्ही एकाच क्षणी उघडे पडते. त्याआधी एका नदीप्रसंगात खेळाडूने मारलेली माणसे त्याच्यासमोरून चालत येतात. ज्याने अधिक मारले त्याला अधिक भेटतात. येथे रचना आणि आशय यांच्यात फट नाही.

‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२) आणखी पुढे जाते. कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’शी उघड नाते सांगणाऱ्या या गेममध्ये वाळूत गाडलेल्या दुबईत कर्नल कॉनरॅड नावाच्या खलनायकाचा पाठलाग चालतो. तो केव्हाच मेलेला असून त्याचा आवाज कॅप्टन वॉकरच्या विकल मनाने रचलेला आहे, हे शेवटी कळते. व्हाइट फॉस्फरसने निरपराधांना जाळणारा हात वॉकरचा, अर्थात खेळाडूचा असतो. खलनायक ही येथे निराळी व्यक्ती उरतच नाही. स्वतःच्या कृत्याकडे पाहू न शकणाऱ्या सैनिकाने उभे केलेले ते आडोशाचे नाव आहे.

करमणुकीकडून इतकी अपेक्षा का धरावी, असा आक्षेप येथे येईल. त्याला उत्तर लष्करानेच देऊन ठेवले आहे. अमेरिकी सेनेने २००२ साली भरतीला साहाय्य व्हावे म्हणून ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम काढला आणि तो २०२२ पर्यंत चालवला. लष्करी प्रशिक्षणाशी निगडित असलेल्या ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ (२००४) या गेमची दृश्यसामग्री पुढे इराकहून परतलेल्या सैनिकांच्या मानसोपचारासाठी वापरली गेली. जे तंत्र तरुणाला रणांगणाकडे बोलावते आणि परतल्यावर त्याच्या भयावर उपचार करते, त्याच तंत्राने त्याला खलनायकही ठरवावे, ही गोष्ट निरुपद्रवी नव्हे. युद्धोत्तर मानसिक आघाताला अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० साली, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्यांचा लढा होता. परतलेला सैनिक म्हणजे केव्हाही स्फोट होईल असे भांडार, ही प्रतिमा पसरवणारा प्रत्येक गेम त्या लढ्याचे फळ हिरावून घेतो. बहुसंख्य माजी सैनिक कोणावरही हात उगारत नाहीत; मात्र नोकरी मागताना वा शेजारी राहताना या प्रतिमेची किंमत त्यांनाच मोजावी लागते.

महाभारताने हा प्रश्न अधिक प्रामाणिकपणे हाताळला आहे. अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांची हत्या करतो. त्याचा अपराध व्यासांनी कोठेही सौम्य केलेला नाही. पण त्याच्या क्रोधामागे द्रोणवध आहे आणि द्रोणवधामागे धर्मराजाचे अर्धसत्य, याचाही विसर पडू दिलेला नाही. त्याला मारून कथा मोकळी होत नाही. मणी काढून घेतलेला तो योद्धा तीन सहस्र वर्षे भटकत राहतो, आणि महाराष्ट्रातील लोकमानसात तो आजही जखमेसाठी तेल मागत फिरतो. ज्या संहितेला आपला खलनायक ठार करून निश्चिंत होता येते, तिने सैनिकाचे दुःख जाणले असे म्हणणे समीक्षेने आता थांबवावे.