गेममधला पावसाळा कुठे गेला?

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये नवीन शेत करायचं तर काय लागतं? ज्यांनी हा गेम खेळलाय ते झोपेतसुद्धा सांगतील, ६० लाकडं! बी-बियाणं नको, बैल नकोत, विहीर नको. लाकडं मोजली की शेत तयार, आणि पीक बाराही महिने. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा किंवा काका शेती करत असतील, तर त्यांना हे एकदा सांगून बघाच. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल!

हा दुसरा भाग आला १९९९ साली. पहिला 'एज ऑफ एम्पायर्स' त्याच्या दोन वर्षं आधीचा. आम्ही मुलं सायबर कॅफेत चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडून तो खेळायचो. ताशी पैसे मोजावे लागत, त्यामुळे घड्याळाकडे एक डोळा असायचाच. आमचा एक अलिखित करार होता. पहिला अर्धा तास कुणी कुणावर हल्ला करायचा नाही. मग काय, जो तो मुकाट्याने मेंढ्या गोळा करतोय, झाडं तोडतोय, भिंती बांधतोय. आणि अर्धा तास संपला रे संपला, की कुणाचे तरी हत्ती कुणाच्या तरी दारात हजर! ते हत्ती इराणी लोकांचे होते बरं का. त्या गेममध्ये तेव्हा १३ संस्कृती होत्या, पण भारत नव्हताच. तो आला थेट २०१३ मध्ये. पुढे २०२२ मध्ये त्याचे भाग करून हिंदुस्थानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार वेगवेगळे संघ झाले. तोवर आम्ही इराणी हत्तींवरच समाधान मानलं. हत्ती तो हत्ती!

त्या वयात मला फक्त लढाई हवी होती. शेतं, घरं, बाजार ही सगळी हत्ती मिळवण्यासाठीची कटकट. दोन-चार वर्षांनी मात्र गंमत झाली. लढाई सुरू झाली की कंटाळा येऊ लागला. ती जिंकणार की हरणार हे आधीच कळायचं, आणि शेतांच्या ओळी कशा सरळ आल्यात हे बघत बसावंसं वाटायचं. मित्र हसायचे. 'तू लढतोयस की शेती करतोयस?' पण नंतर पाहिलं, तर त्यांचंही तसंच झालं होतं. एक जण तर शत्रूला मुद्दाम जिवंत ठेवून नुसता व्यापार करत बसायचा.

आता २००९ सालाकडे येऊ. त्या वर्षी 'एम्पायर : टोटल वॉर' आला. त्यात युरोप आणि अमेरिकेबरोबर हिंदुस्थानचाही नकाशा होता, आणि चक्क मराठे घेऊन खेळता येत होतं! परदेशात तयार झालेल्या एवढ्या मोठ्या गेममध्ये आपलं नाव बघून जो आनंद झाला तो काय सांगू. गेम सुरू होतो १७०० सालापासून. मोगलांची एकेक राजधानी घेत वर सरकायचं, की काही तासांत सगळा हिंदुस्थान आपला. आपण दुसरंच कुणी घेऊन खेळलो, तरी कॉम्प्युटरने चालवलेले मराठेसुद्धा पुष्कळदा मोगलांना गिळून टाकतात. यात फार अवघड असं काहीच नव्हतं, आणि तिथेच मला खटकायला लागलं. कारण १७०० हे साल सोपं नव्हतं हो!

खऱ्या १७०० सालात काय काय झालं बघा. मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज वारले. एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला. राज्याची सूत्रं महाराणी ताराबाईंनी हातात घेतली, तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या. कुठल्याही गेमच्या हिशेबाने हा डाव संपलेला. राजा गेला, राजधानी गेली, समोर हिंदुस्थानातली सर्वांत मोठी फौज!

आणि मग पाऊस सुरू झाला. सातारा आणि परळीचा किल्ला घेऊन बादशहाची छावणी निघाली, तर कृष्णेला पाणी आलेलं. चिखलात उंट-घोडे अडले, दाणा-वैरण मिळेना. कशीबशी ती फौज माण नदीच्या काठी खवासपूरला येऊन थांबली. तिथे ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री नदीला अचानक पूर आला आणि तंबू, जनावरं, माणसं वाहून गेली. ८१ वर्षांचा औरंगजेब घाईघाईत बाहेर पडताना अडखळला, त्याचा गुडघा निखळला आणि पुढे तो लंगडतच राहिला. कुठल्याही तोफखान्याला जे जमलं नव्हतं ते त्या रात्री एका नदीने केलं. आणि नदी तरी कुठली, तर माण! उन्हाळ्यात जाऊन बघा, पाय भिजायची पंचाईत.

आता गेममध्ये परत या. 'एम्पायर' मध्ये एका वर्षाच्या दोन पाळ्या असतात, उन्हाळा आणि हिवाळा. म्हणजे हिवाळ्याला त्यात स्वतंत्र पाळी आहे. पण पावसाळा? तो नाहीच! गेम केला इंग्लंडमधल्या 'क्रिएटिव्ह असेंब्ली' ने. त्यांच्या डोळ्यांसमोर युरोप होता आणि तिथल्या फौजा थंडीत अडकायच्या. म्हणून त्यांनी थंडी मोजली. यात लबाडी काहीच नाही. पण आपल्याकडे लढाईचं अख्खं वर्ष पावसाने आखलेलं असायचं. सभासद बखरीत वाचा, शिवाजी महाराजांचं लष्कर पावसाळ्यात छावणीला परत यायचं, तिथे दाणागोटा आणि घोड्यांसाठी निवारे आधीच तयार ठेवलेले असायचे, आणि दसरा झाला की फौजा बाहेर पडायच्या. सीमोल्लंघन म्हणतात ते हेच. औरंगजेब गडामागून गड घेत राहिला. मराठे काही ठिकाणी लढून, काही ठिकाणी पैसे घेऊन गड सोडत आणि तो पुढे गेला की परत घेत. गेममध्ये गड घेतला की नकाशावर रंग बदलतो, बस्स. तो गड टिकवायला काय पडतं, हे तिथे कुणी विचारत नाही. म्हणून तिथे औरंगजेब का हरला हे कळतच नाही. नुसतं एवढंच कळतं, की आपण क्लिक जोरात केले.

पाणी मोजणारे गेम नाहीतच असं नाही बरं का. १९९९ चाच 'फेरो' घ्या. हा प्राचीन इजिप्तचा गेम, आणि त्याचा खरा राजा म्हणजे नाईल नदी! दरवर्षी पूर येतो, काठची शेतं बुडतात, पाणी ओसरलं की गाळावर पीक येतं. पूर कमी आला तर वर्षभर बोंबाबोंब! ऑसिरिस देवाची पूजा नीट केली नसेल तर पूर घटतो, अशीही त्यात तरतूद आहे. मजूर तेवढेच आहेत. तेच शेतावर राबणार आणि तेच पिरॅमिडचे दगड ओढणार, त्यामुळे कुणाला कधी कुठे लावायचं याचा घोर लागून राहतो. या गेममध्ये मी एक पिरॅमिड कित्येक रात्री बांधत होतो. लढाई जवळजवळ झालीच नाही, पण 'यंदा पाणी किती येणार?' या काळजीने छातीत जी धडधड व्हायची, ती इराणी हत्ती दारात आल्यावरही कधी झाली नव्हती. २०२३ मध्ये त्याची नव्या चित्रांची आवृत्ती निघाली आहे. 'सिव्हिलायझेशन' चं तर वयच १९९१ पासूनचं. त्याच्या सहाव्या भागालाही २०१९ च्या पुरवणीत पूर आणि दुष्काळ मिळाले. म्हणजे आवड एकट्या माझीच बदलली नाही, करणाऱ्यांचीही बदलतेय.

याचा अर्थ तुम्ही हत्ती सोडून आजच नाईलकाठी जाऊन बसा, असं मी मुळीच म्हणत नाही. बारा वर्षांच्या मुलाने हत्ती नाही सोडायचे तर कुणी सोडायचे? मीसुद्धा सुट्टीच्या दिवशी सोडतो.

पण एक काम देतो. वही घ्या आणि १७०० सालच्या महाराष्ट्राचा गेम कागदावर तयार करा. वर्षाच्या पाळ्या तीन, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. माझे दोन नियम आधीच सांगून ठेवतो. पावसाळ्यात तोफा नदीपलीकडे नेता येणार नाहीत. आणि गड घेतला, पण पुढच्या पाळीच्या आत त्यात धान्य भरलं नाही, तर तो आपोआप आधीच्या मालकाकडे परत. तिसरा नियम तुम्ही करा. ताराबाईंच्या बाजूने खेळायचं की औरंगजेबाच्या, तेही ठरवून कळवा. मी औरंगजेबाच्या बाजूने खेळून बघितलं. दुसऱ्याच पावसाळ्यात माझी वैरण संपली!