‘आहे का?’ नव्हे, ‘वाढणार आहे का?’

गेल्या वर्षी एका रविवारी साताऱ्याहून बाबांचा फोन आला. आधी हवापाणी, मग आईचे गुडघे, आणि फोन ठेवता ठेवता, “अगं, माझा एक रिपोर्ट पाठवलाय, बघ जरा.” रिपोर्ट प्रोस्टेटच्या बायोप्सीचा होता. ग्लीसन ३+३=६. म्हणजे कर्करोग, पण सर्वांत सौम्य गटातला. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले होते: शस्त्रक्रिया, किंवा सध्या उपचार न करता ठरावीक काळाने तपासण्या करत लक्ष ठेवणं. काकांचं मत ठाम होतं, “घरात साप निघाल्यावर कुणी त्याच्याकडे बघत बसतं का?” बाबांनाही ते पटत होतं.

मी इथे इंग्लंडमध्ये डीएनएवरच्या एपिजेनेटिक, म्हणजे जनुकाचा मजकूर न बदलता त्याचं काम बदलणाऱ्या, खुणांवर संशोधन करते. त्यामुळे बाबांचा पुढचा प्रश्न रास्तच होता: “तुमच्या त्या चाचण्या सांगतील ना, हा पसरणार की नाही ते?” खरं उत्तर द्यायचं तर मला माझ्याच क्षेत्राबद्दल थोडं कडू बोलावं लागलं. तेच तुमच्यापुढेही मांडते.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ला मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटू शकतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर असे गट दाटीने बसले की ते जनुक सहसा बंद पडतं. पुस्तकाची पानं डिंकाने एकमेकांना चिकटावीत तसं. अक्षरं जागच्या जागी, पण वाचता येत नाहीत.

प्रोस्टेटच्या कर्करोगात याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे जीएसटीपी-१ हे जनुक. पेशीतली घातक रसायनं निकामी करणारं एक विकर त्यापासून बनतं. कर्करोगात ते अशा प्रकारे बंद पडतं, हे १९९४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. आज आपल्याला माहीत आहे की ही खूण ९० टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये सापडते. कर्करोगाशेजारच्या, सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसणाऱ्या पेशींमध्येही अशा खुणा उमटलेल्या असू शकतात. म्हणून बायोप्सीत काही सापडलं नाही पण शंका उरली, तर या आणि आणखी दोन जनुकांवर बेतलेली चाचणी उपयोगी पडते.

पण मेख इथेच आहे. जी खूण जवळजवळ प्रत्येक गाठीत सापडते, ती सौम्य गाठ आणि उग्र गाठ यांतला फरक कशी सांगणार? ती ‘आहे का?’चं उत्तर देते. बाबांचा प्रश्न ‘वाढणार आहे का?’ हा होता.

त्या दुसऱ्या प्रश्नासाठीही खुणा शोधल्या गेल्या आहेत. उदाहरणार्थ, पीआयटीएक्स-२ या जनुकावर मिथाइल गट जास्त असतील, तर शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याची शक्यता जास्त दिसते. मात्र हे बरंचसं काम काढून टाकलेल्या ग्रंथींवर झालं आहे. बाबांना निर्णय शस्त्रक्रियेआधी घ्यायचा होता. शिवाय एकाच ग्रंथीत वेगवेगळ्या स्वभावाच्या गाठी असू शकतात, आणि बायोप्सीची सुई नेमकी सौम्य गाठीतच गेली तर?

उत्तर किती मोलाचं आहे, हे ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीवरून कळतं. प्रोस्टेटपुरताच कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, अशा तीन गटांत विभागलं होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून जेमतेम ३ टक्के पुरुष या कर्करोगाने दगावले होते, आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. देखरेखीच्या गटातल्या बऱ्याच जणांनी पुढे उपचार घेतले, हेही खरं. पण रोग दूर पसरण्याचं प्रमाण देखरेखीत शंभरात सुमारे ९ होतं, शस्त्रक्रियेनंतर सुमारे ५.

हा शंभरातल्या चौघांचा फरक आहे. ते चौघे आधी ओळखता आले, तर बाकीच्या अनेकांची लघवीवरचा ताबा जाणं आणि लैंगिक दुर्बलता यांसारख्या दुष्परिणामांतून सुटका होईल. म्हणून माझं मत असं की, प्रगतीची खूण म्हणवणाऱ्या प्रत्येक चाचणीने एवढं सिद्ध करावं: बायोप्सीत सारख्याच दिसणाऱ्या दोन पुरुषांमध्ये ती उपचारांआधी फरक करते का, आणि त्या फरकाने निर्णय बदलतो का? आम्ही संशोधक मात्र नवं जनुक सापडलं की लगेच शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘बायोमार्कर’ लिहून मोकळे होतो. त्याऐवजी दहा-पंधरा वर्षं पाठपुरावा झालेल्या रुग्णांच्या जपून ठेवलेल्या बायोप्सींवर, तटस्थपणे, जुन्याच खुणा पुन्हा तपासायला हव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्याही मिळत नाहीत. पण रुग्णाला उपयोग त्याचाच आहे.

तुम्हीही अशी महागडी चाचणी करायच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचारा, “निकाल उलटा आला तर आपण वेगळं काय करणार?” उत्तर ‘काही नाही’ असेल, तर पैसे वाचवा.

बाबांना मी म्हटलं, “साप दिसला हे खरं. पण ती धामण असण्याची शक्यता बरीच आहे, आणि आपण डोळे मिटून बसणार नाही आहोत.” त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं आणि देखरेख निवडली. आता पीएसए तपासणीची तारीख ते स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवतात. काका अजून नाराज आहेत. बाबांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आम्ही अजून देऊ शकलेलो नाही, तोवर काकांना तरी नावं कशी ठेवू?