सक्तीची शिपाईगिरी

एकवीरेच्या पायऱ्या उतरताना एक सद्गृहस्थ म्हणाले, "प्रत्येक पोराला दोन वर्षे लष्करात घाला. सक्ती परत आणा. अहो, हा मावळ आहे!" मावळ खराच, पण शिवाजीमहाराज मावळ्यांना रोख वेतन देत, हे ते विसरले. आणि परत म्हणजे कोठून? १९१७ च्या कायद्याने सक्ती झाली ती इथल्या गोऱ्या प्रजाजनांवर. आपली पलटण तेव्हाही, निदान कागदोपत्री, राजीखुशीची होती. २०२२ ची अग्निपथ योजनाही ऐच्छिकच आहे.

कायद्याने सक्ती करता येईल का? येईल. राज्यघटनेचे २३ वे कलम वेठबिगारी बंद करते आणि लगेच दुसऱ्या पोटकलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेची वाट मोकळी ठेवते. मात्र केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेद करता येणार नाही. (स्त्री-पुरुष भेदाचा तेथे उल्लेख नाही, वकिलांची दिवाळीच!)

माझे भांडण आहे ते या 'वर्ग' शब्दापाशी. अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धात कॉलेजात शिकणाऱ्यांना सवलत होती. गरिबाचा मुलगा गेला. इथे काय वेगळे होणार? लोणावळ्याच्या बंगल्यातला कुलदीपक डॉक्टरचा दाखला आणील आणि भाताच्या खाचरात चिखल तुडवणारा पोरगा बंदूक उचलील. कायद्यात भेद नसेल, दाखल्यात असेल.

शेजारच्याच लेण्यात सातवाहनकालीन लेख आहे: करजक गाव भिक्षूंना देताना राजाने त्याला परिहार दिले, आपल्याच अधिकाराला कुंपण घातले. सद्गृहस्थांना मी तो सांगितला. मग सहज विचारले, "आपले चिरंजीव?"

"त्याचे वेगळे आहे हो," ते म्हणाले.