न दुखणारी दाढ

लालबागेच्या फाटकाशी, बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाबरहुकूम घडविलेल्या त्या प्रचंड लोखंडी कामाशी, आमची पहाटे फिरणारी मंडळी जमतात. गतवर्षी आषाढात तेथेच एका स्नेह्यांनी आमच्या डाव्या गालाकडे पाहून विचारले, "गुरुजी, तोंडात विडा आहे काय?" आम्ही हसण्यावारी नेले. दुखत तर काहीच नव्हते. मुलाला फळा दिसत नाही हे वर्षभर ध्यानात न घेणाऱ्या पालकांना आम्ही खडे बोल सुनावतो. स्वतःच्या बाबतीत मात्र तीन महिने काढले. अखेर सौभाग्यवतींनीच रिक्षा बोलावली.

येथील शासकीय दंत महाविद्यालयात, ही संस्था १९६१ पासूनची, संपूर्ण जबड्याचा एक्स-रे निघाला. अक्कलदाढ हाडात आडवी निजलेली आणि तिच्या माथ्याभोवती पांढऱ्या रेघेने आखलेले काळे वर्तुळ. तीच द्रवाची पिशवी, अर्थात सिस्ट. न उगवलेल्या दाताच्या माथ्यावर मुळातच एक पातळ आवरण असते. दात अडकून राहिला, तर क्वचित ते आवरण आणि दात यांच्यामध्ये पाणी साचू लागते, मुकाट्याने वाढते व हाड झिजवीत नेते. खालच्या अक्कलदाढेला हा विकार सर्वाधिक, तिच्या खालोखाल वरच्या सुळ्याला. म्हणून मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले तरी दुधाचा सुळा पडत नसेल, तर 'येईल हळूहळू' यावर विसंबू नये.

पिशवी लहान असती तर दाढेसकट एकाच वेळी सोलून काढता आली असती. पण ती ओठाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूला टेकली होती, आणि हाड इतके पातळ की जबडाच मोडण्याची धास्ती. तेव्हा जर्मन शल्यविशारद पार्श यांनी १८९२ साली वर्णिलेला मार्ग पत्करला: पिशवीला तोंडात खिडकी पाडून पाणी वाहते ठेवायचे. दाब ओसरला की हाड भरू लागते. मुलांत तर अडकलेला दातही कधी कधी आपल्या जागी उगवतो. पाच महिने दर जेवणानंतर आम्ही पिचकारीने ती पोकळी धूत होतो. प्रार्थनेच्या वेळी आमचे शब्द बोबडे येत, मुले गालातल्या गालात हसत. त्यांचे गाल ठीक होते!

खरी परीक्षा निराळीच. खिडकी पाडताना काढलेला अस्तराचा तुकडा तपासणीस गेला. एक्स-रेवर असेच दिसणारे, पण पुनःपुन्हा उद्भवणारे, प्रसंगी जबड्याचा भाग कापावा लागणारे विकार असतात. अमेलोब्लास्टोमा हा त्यांतलाच. तो भेद सूक्ष्मदर्शकाखालीच उमगतो. तुकडा तपासायला पाठविला की नाही, हे रुग्णाने स्वतः विचारावे. ते आठ दिवस आम्ही वर्गात समास शिकविले म्हणतात. आम्हांस काही आठवत नाही. सौ. रोज आमच्या ताटात मऊ भात वाढीत आणि काही बोलत नसत. अहवाल साधा निघाला.

फाल्गुनात आक्रसलेली पिशवी दाढेसह काढली. ओठाला काही आठवडे मुंग्या येत, त्याही थांबल्या. विडा विचारणाऱ्या स्नेह्यांचीही एक अक्कलदाढ अर्धी वर, अर्धी आत आहे. एक्स-रेची चिठ्ठी त्यांच्या खिशात दोन महिने घडी होऊन पडली आहे. दुखत नाही म्हणतात.